नोटीस हिंदीत, घर मराठीत
आपल्या शहराचा कारभार समजून घेऊ या



मागील पालक सभेला एक आजीबाई नातवाबरोबर आल्या होत्या. सभा संपल्यावर त्यांनी पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला आणि हळूच विचारले, "गुरुजी, आम्ही तर कधी कुणाचं काही वाकडं केलं नाही. मग ही शिक्षा कशापायी लावली?" कागद घराच्या कराचा होता. त्यात एका ओळीत 'शिक्षा उपकर' असे छापलेले होते. रावेरकडून लग्न होऊन आलेल्या या आजींना शिक्षा म्हणजे दंड एवढेच ठाऊक. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि हा उपकर शिक्षणासाठी आहे, हे समजावून सांगितल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. पण घाबरून तो कागद त्यांनी दोन महिने कुणाला दाखवलाच नव्हता आणि तोवर पैसे भरण्याची तारीख उलटून गेली होती.

आम्ही तेव्हा हसलो, नंतर मात्र विचारात पडलो. आपल्या घरांत बोलणे मराठीत चालते. सरकारी कागद हिंदीत येतो. लिपी एकच असल्याने आपल्याला वाटते की सगळे समजले. खरी अडचण इथेच होते. म्हणून या अंकात आपल्या शहराच्या कारभाराची ओळख सोप्या शब्दांत करून देत आहोत. मुलांनी हा लेख घरी मोठ्याने वाचून दाखवावा, ही विनंती.

हिंदी कागद आपल्याकडे का येतो?

उदगीरच्या लढाईनंतर १७६० साली बुऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले. १७७८ मध्ये ते शिंद्यांकडे गेले आणि १८६० मध्ये इंग्रजांच्या अमलाखाली आले. पुढे आपला निमाड मध्य प्रांतात होता. स्वातंत्र्यानंतरच्या जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि त्या राज्यात हिंदी व मराठी या दोन्ही भाषा राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, निमाड मध्यप्रदेशातच राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. आपण घर बदलले नाही, पण कचेरीची भाषा बदलली.

१५ ऑगस्ट २००३ रोजी खंडवा जिल्ह्यातून वेगळा होऊन बुऱ्हाणपूर जिल्हा झाला. त्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांकडे काम असले की सुमारे सत्तर किलोमीटरवर खंडव्याला जावे लागे. आज ती कचेरी गावातच आहे. कचेरी जवळ आली, आता तिथली भाषाही आपण जवळ केली पाहिजे.

फसवे शब्द

काही शब्द नुसते वेगळे आहेत. पार्षद म्हणजे नगरसेवक. संपत्तिकर म्हणजे घरपट्टी आणि जलकर म्हणजे पाणीपट्टी. बकाया म्हणजे थकबाकी. अधिभार म्हणजे उशिरा भरल्याबद्दल वरून लागणारी रक्कम. नामांतरण म्हणजे घराच्या नोंदीत मालकाचे नाव बदलणे. भवन अनुज्ञा म्हणजे बांधकामाची परवानगी. हे शब्द विचारून तरी घेता येतात.

जास्त सांभाळायचे ते दोन्ही भाषांत सारखे दिसणारे शब्द. 'शिक्षा'ची गोष्ट वर आलीच. 'दावे-आपत्ति आमंत्रित' अशी सूचना लागली की आपल्याला वाटते कुठले तरी संकट आले. तिथे आपत्ति म्हणजे हरकत. एखाद्या यादीत आपले नाव नसेल किंवा चुकीचे असेल तर ठरलेल्या मुदतीत सांगा, असा त्याचा अर्थ आहे. ही मुदत गेली की चुकीची यादीच पक्की होते. तिसरा शब्द 'राजीनामा'. आपण नोकरी सोडताना तो देतो. लोक अदालतीच्या कागदावर मात्र राजीनामा म्हणजे दोन्ही बाजूंनी मान्य केलेली तडजोड. मध्यप्रदेशात लोक अदालतीच्या वेळी थकलेल्या संपत्तिकराच्या व जलकराच्या अधिभारात सूट देण्यात येते. शब्दाला घाबरून घरी बसलो तर ही सूट हातची जाते.

घराच्या कागदावर 'समेकित कर' असाही एक रकाना असतो. साफसफाई, रस्त्यावरचे दिवे आणि आग विझवण्याची व्यवस्था या तीन गोष्टींचे पूर्वीचे वेगवेगळे कर एकत्र करून हा कर झाला आहे. रोज सकाळी येणारी कचरागाडी आणि संध्याकाळी कोपऱ्यावर लागणारा दिवा यांचा खर्च कुठून येतो, हे मुलांना या रकान्यावरून सांगता येईल.

कोणते काम कोणाचे?

आमची स्वतःचीच एक चूक सांगतो. शाळेसमोरचा विजेचा खांब वाकला होता. आम्ही सुंदर अक्षरात अर्ज लिहिला, मुलांच्या सह्या घेतल्या आणि तो चुकीच्या कचेरीत नेऊन दिला. आठवडाभर उत्तराची वाट पाहिली. मग एका पालकांनीच लक्षात आणून दिले की खांब आणि तारा वीज कंपनीच्या, खांबावरचा दिवा तेवढा नगर निगमचा. दोष कुणाचा नव्हता, आम्हीच विचारपूस केली नव्हती.

तेव्हा हे लक्षात ठेवू या. आपल्या शहराचा कारभार नगर निगम पाहते. महाराष्ट्रात यालाच महानगरपालिका म्हणतात. पिण्याचे पाणी, गटारे, कचरा, रस्त्यावरचे दिवे, शहरातील अंतर्गत रस्ते, अग्निशमन, बांधकाम परवानगी आणि जन्म-मृत्यूची नोंद ही तिची कामे. शेतजमिनीचा खसरा, पटवारी, जातीचा व उत्पन्नाचा दाखला ही कामे तहसीलकडे. रेशन दुकान अन्न विभागाच्या अखत्यारीत. वीज पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीकडे. आपल्या शाळेत खेड्यांतूनही मुले येतात. त्यांच्या गावी नगर निगम नसते, ग्रामपंचायत असते. नेपानगरला मात्र स्वतंत्र नगरपालिका आहे.

नगर निगमची रचना मध्यप्रदेश नगरपालिक निगम अधिनियम, १९५६ या कायद्याने ठरते. प्रत्येक वॉर्डातून एक पार्षद निवडून येतो. महापौरांना शहरातील सर्व मतदार थेट मत देऊन निवडतात. पार्षदांतून काही जणांना घेऊन महापौर आपली परिषद बनवतात. तिला मेयर-इन-कौन्सिल म्हणतात. या सर्वांना लोक निवडतात म्हणून ते दर पाच वर्षांनी बदलू शकतात. आयुक्त मात्र राज्य शासनाने नेमलेले अधिकारी असतात. काय करायचे ते निवडून आलेल्यांनी ठरवायचे आणि आयुक्तांनी कर्मचाऱ्यांकडून ते करून घ्यायचे, अशी ही वाटणी आहे.

१ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या कारभाराला राज्यघटनेत स्थान मिळाले. नगर निगमची मुदत पाच वर्षे हे त्यात पक्के झाले. शहराकडे सोपवता येतील अशा १८ विषयांची यादीही घटनेत आली. त्याच दुरुस्तीत तीन लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या शहरांत वॉर्ड समित्या असाव्यात असे म्हटले आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख १० हजार होती, म्हणून आपल्याला ती तरतूद लागू होत नाही. मोठ्या शहरात नागरिक वॉर्ड समितीपुढे जाऊ शकतो. आपल्याला सरळ पार्षदाच्या दारी जावे लागते. मध्यम आकाराच्या गावाचा एक फायदाही आहे. आपला पार्षद आपल्याला ओळखतो आणि आपणही त्यांना बाजारात गाठू शकतो.

जन्मदाखला आणि आपला 'ळ'

पालकहो, हा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा. प्रवेशाच्या वेळी आमच्या टेबलावर सर्वांत जास्त गोंधळ जन्मदाखल्याचा होतो.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावयाची असते. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते. ३० दिवसांनंतर वर्षाच्या आत असेल तर वरिष्ठ अधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाखेरीज नोंद होत नाही. २०२३ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. त्या दिवसापासून पुढे जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, आधार, सरकारी नोकरी अशा कामांत जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. ही मुले आता बालवाडीच्या वयाला येत आहेत. पूर्वी तारखेचा घोळ शाळेच्या रजिस्टरावर निभावून जायचा, या मुलांच्या बाबतीत तसे होणार नाही.

आपल्या मराठी घरांत आणखी दोन अडचणी येतात. पहिली बाळंतपणाची. पहिल्या वेळी मुलगी माहेरी जाते आणि आपल्या अनेक सुनांचे माहेर जळगाव, भुसावळ, रावेर, अकोला या भागात असते. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, आईवडील राहतात तिथे नव्हे. म्हणजे दाखला महाराष्ट्रातून येणार आणि त्यात दुरुस्ती करावयाची तर तिथेच जावे लागणार. म्हणून माहेरहून परतण्यापूर्वीच दाखला हातात घ्यावा, एक-एक अक्षर तपासावे आणि मगच गाडीत बसावे.

दुसरी अडचण नावाची. आपल्याकडे नाव बारशाला ठेवतात आणि नोंद दवाखान्यातूनच होऊन जाते. त्यामुळे दाखल्यावर नावाची जागा कोरी राहते. कोऱ्या जागी नाव घालण्यास पहिल्या वर्षभरात शुल्क पडत नाही. त्यानंतर शुल्क देऊन पंधरा वर्षांपर्यंत नाव घालता येते. आजोबा म्हणतात, "करू सावकाश." आजोबांना आदराने सांगावे की बारसे झाल्याच्या आठवड्यातच हे काम उरकून घेऊ.

आणि मग येतो आपला 'ळ'. प्रमाण हिंदीत हे अक्षर वापरात नाही. टंकलेखन करणारा माणूस 'ळ'च्या जागी सहज 'ल' लिहितो. काळे यांचे काले होते, बाळकृष्णाचा बालकृष्ण होतो. इंग्रजीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मागे आमच्याकडे एका विद्यार्थिनीचा जन्मदाखला, आधार आणि समग्र आयडी या तिन्ही ठिकाणी आडनाव तीन तऱ्हेने होते आणि छात्रवृत्तीचे पैसे अडकले. कागद जुळवण्यात तिच्या वडिलांच्या कामाचे कितीतरी दिवस बुडाले. यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाचा दिवस बुडाला की त्या दिवसाची मजुरीही बुडते. नोंदीच्या वेळी एकदा नीट वाचून पाहिले असते तर हे टळले असते, आणि प्रवेशाच्या वेळी आम्हीही ते कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

समग्र आयडीविषयी दोन शब्द. मध्यप्रदेशात राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा आठ अंकी आणि कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीचा नऊ अंकी क्रमांक असतो. शाळेची छात्रवृत्ती, रेशन आणि शासनाच्या इतर योजना याच्याशी जोडलेल्या आहेत. घरात लग्न झाले, बाळ आले किंवा कुणी दिवंगत झाले की ही नोंद बदलून घ्यावी.

मराठीत अर्ज चालतो का?

हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारतात. भारतीय राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाप्रमाणे प्रत्येक व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याचा अर्ज संघात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने त्याला आणखी दोन अनुच्छेद जोडले गेले. ३५०-क प्रमाणे भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करण्याचा राज्याने प्रयत्न करावा, आणि ३५०-ख प्रमाणे भाषिक अल्पसंख्यकांसाठी विशेष अधिकारी असावा. आपली शाळा ज्या विचारावर उभी आहे, तो विचार राज्यघटनेतही आहे.

तेव्हा ज्यांना हिंदी लिहिता येत नाही अशा आजी-आजोबांनी मराठीत अर्ज लिहिला तर तो त्यांचा हक्क आहे. मात्र काम लवकर व्हावे असे वाटत असेल तर सोबत हिंदी मजकूर जोडावा. कचेरीतला माणूसही माणूसच आहे, त्याला समजेल तर तो लवकर हलेल. हे काम आपल्या आठवी-नववीच्या मुलांना सहज जमण्यासारखे आहे.

अर्ज लिहिताना चार गोष्टी पाळाव्यात. एका अर्जात एकच तक्रार लिहावी. जागा नेमकी सांगावी, म्हणजे वॉर्ड, गल्ली आणि जवळची खूण. दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नये. शेवटी तारीख वहीत लिहून ठेवावी. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे तोंडी बोलण्यासारखाच.

उत्तर न आल्यास पुढचे मार्ग आहेत. सीएम हेल्पलाईनच्या १८१ क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. खालच्या पातळीवर निकाल लागला नाही तर ती क्रमाने वरच्या अधिकाऱ्याकडे जाते. काम झाल्याशिवाय "समाधान झाले" असे फोनवर सांगू नये. २०१० मध्ये मध्यप्रदेशाने लोकसेवा हमी कायदा केला, आणि असा कायदा करणारे ते देशातले पहिले राज्य ठरले. त्याखालील सेवा ठरलेल्या दिवसांत मिळाली नाही तर अपील करता येते आणि जबाबदार अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० रुपये दंड होऊ शकतो. लोकसेवा केंद्रात अर्ज दिल्यावर मिळणाऱ्या पावतीवर तारीख असते. ती पावती जपून ठेवावी. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि उत्तराची मुदत साधारणपणे ३० दिवसांची असते.

पाण्यापासून काय शिकावे

कारभार म्हटला की आपल्या गावात पाण्याची गोष्ट निघणारच. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, कुंडी भंडाऱ्याची योजना झाली. सातपुड्यातून तापीकडे जमिनीखालून झिरपणारे पाणी बोगद्यांत अडवायचे आणि केवळ उताराच्या जोरावर शहरापर्यंत आणायचे, अशी ही रचना. लालबागजवळ उघड्यावर दिसणाऱ्या कुंड्यांची ओळ आपण सहलीत पाहिलीच आहे. या कुंड्या शंभराहून जास्त आहेत. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत तिचे नाव आले. या योजनेत ना पंप आहे ना मोटार. पण मधला एक बोगदा गाळाने भरला तर पुढच्या सगळ्या कुंड्यांना त्याचा फटका बसतो. म्हणून बांधण्याइतकेच ती राखण्याला महत्त्व आहे.

दुसरी गोष्ट अलीकडची. २२ जुलै २०२२ रोजी आपला जिल्हा देशातील पहिला प्रमाणित 'हर घर जल' जिल्हा ठरला. जलजीवन मिशन सुरू झाले तेव्हा, १५ ऑगस्ट २०१९ ला, जिल्ह्यातील ३७,२४१ ग्रामीण घरांत नळ होता. तीन वर्षांच्या आत तो १,०१,९०५ घरांत पोचला. हे प्रमाणपत्र नुसते वरून आले नाही. जिल्ह्यातील २५४ गावांच्या ग्रामसभांनी "आमच्या प्रत्येक घरात नळाने पाणी येते" असे ठराव केले, तेव्हाच ते मिळाले. म्हणजे सरकारी कागदावर शेवटचा शब्द गावकऱ्यांचा होता. ही योजना खेड्यांसाठी होती, शहराचे पाणी नगर निगमकडेच आहे. खेड्यातून येणाऱ्या आमच्या मुलांनी घरी विचारावे, त्या ग्रामसभेला आपल्या घरचे कोण गेले होते? आणि आज नळाला पाणी नियमित येत नसेल तर पुढच्या ग्रामसभेत हात कोण वर करणार?

मताची किंमत

२०२२ मध्ये आपल्या महापौरपदाची निवडणूक झाली. संपूर्ण शहराने मतदान केले आणि हार-जीत हजाराच्याही आतल्या मतांनी ठरली. एवढ्या मतांत एखादी मोठी आळी बसते. या निवडणुका राज्य निर्वाचन आयोग घेतो आणि वॉर्डाप्रमाणे वेगळी मतदार यादी लागते. विधानसभेला मत दिले म्हणून नगर निगमच्या यादीत नाव असेलच असे समजू नये. दावे-आपत्तीच्या दिवसांत यादी पाहावी. आपत्ति म्हणजे काय हे आता तुम्हाला ठाऊक आहे! अठरा पूर्ण झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी नाव नोंदवावे. पार्षद होण्यास वय २१ पुरे असते, हेही त्यांनी ध्यानात ठेवावे. मध्यप्रदेशातील स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, तेव्हा ही गोष्ट आमच्या मुलींनाही तितकीच लागू आहे.

आता आपण काय करायचे?

यंदापासून शाळेच्या सूचना फलकाच्या शेजारी एक छोटा फलक लावत आहोत. शहरात लागलेली महत्त्वाची हिंदी सूचना आणि तिचा सोपा मराठी अर्थ नववीची मुले दर सोमवारी तिथे लिहितील. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर शिक्षक व मोठे विद्यार्थी बसतील. ज्यांना कागद वाचून घ्यावयाचा असेल किंवा अर्ज लिहून हवा असेल त्यांनी निःसंकोच यावे. विश्वस्त मंडळास विनंती की कागद-पेन आणि झेरॉक्सचा थोडा खर्च मंजूर करावा.

त्या आजीबाईंनी पुढच्या आठवड्यात कर भरला. अधिभाराचे थोडे पैसे जास्त गेले. पावती घेऊन त्या मुद्दाम शाळेत आल्या आणि म्हणाल्या, "आता कागद आला की आधी नातवाला वाचायला देईन." नातू सहावीत आहे. मित्रांनो, तुमच्या घरीही अशी एखादी आजी असेल. आज संध्याकाळी तिला विचारा, "आजी, तुझ्याजवळ एखादा कागद ठेवलेला आहे का?"